तार की छत्री?

घरात धान्य कोठून आणावे, कापड कोणत्या पेढीवरून घ्यावे, याविषयी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचार होत आला आहे. भाव, वजन, माल आणि माणूस या चारही गोष्टी पारखल्यावाचून व्यापारी घर सहसा सौदा करीत नाही. परंतु दरमहा नेमाने पैसे मोजून जी एक गोष्ट आपण दिवाणखान्यात घेतो, तिच्याविषयी मात्र बहुतेक घरांतून फारसा विचार झालेला नसतो. ती गोष्ट म्हणजे दूरदर्शन संचावरील वाहिन्या. त्या रस्त्यावरच्या खांबावरून आलेल्या केबलच्या तारेने घ्याव्यात, की गच्चीवर छत्री बसवून उपग्रहाकडून घ्याव्यात, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. रक्कम महिन्याला काही शेकड्यांची. तथापि ती वर्षानुवर्षे जात राहते, आणि घरातल्या प्रत्येकाचा तिच्याशी वेगळा संबंध असतो. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला, तेव्हा त्यातून किती धागे निघतात ते ध्यानात आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, तालुक्याचे. घराण्याचा धंदा भुसार मालाचा. घरात आम्ही सात माणसे. सासूबाई, यजमान, मी, धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले. माझा मुलगा पुण्यास नोकरीनिमित्त असतो. घरखर्चाची वही सासूबाईंकडून माझ्याकडे आली, त्याला बावीस वर्षे झाली. दिवाळीनंतर घराचा वरचा मजला पुरा होत आला, तेव्हा वायरमनने सहज विचारले, "काकू, टीव्हीची वायर खांबावरून आणायची का गच्चीवरून? आत्ता सांगितलंत तर नळी भिंतीत घेतो." मी दोन्ही बाजूंनी नळ्या टाकून ठेवण्यास सांगितले आणि रात्री जेवणे आटोपल्यावर घरात विषय काढला.

प्रत्येकाचे मागणे निराळे निघाले. यजमानांना बातम्या पुरतात. भाऊजींना क्रिकेट हवे, आणि तेही एचडी चित्रात. जाऊबाईंना संध्याकाळच्या दोन मालिका. मुलांना संचाचीच गरज नाही, त्यांचे सारे मोबाइलवर चालते. राहता राहिल्या सासूबाई. त्यांचे वय एक्याऐंशी. दोन्ही डोळ्यांची दृष्टी मंद झालेली, त्यामुळे वाचन सुटले. गुडघ्यांमुळे बाहेर जाणे थांबले. सकाळी सगळे पुरुष दुकानात, मुले शाळेत, मी आणि जाऊबाई कामात. दुपारी दोन ते पाच या वेळात त्यांच्या खोलीत त्यांना सोबत असते ती संचाचीच. त्या पाहण्यापेक्षा ऐकतात अधिक. प्रवचन, सह्याद्रीवरचा एखादा जुना कार्यक्रम, गाणी, काहीही. म्हणून खरा प्रश्न होता तो सासूबाईंच्या दुपारीचा. बाकीच्यांचे कसेही भागले असते.

थोडा मागचा इतिहास सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्यासारख्या गावांतून संच दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी आमच्या ओटीपर्यंत गल्लीतली माणसे बसत, असे सासूबाई सांगतात. त्या काळी गच्चीवर ॲल्युमिनिअमच्या काड्यांचा अँटेना असे, आणि वारा सुटला की कोणीतरी वर जाऊन तो फिरवायचा व खालून दुसऱ्याने "आलं, आलं" म्हणून ओरडायचे. वाहिनी एकच, आणि तिला दरमहा काही द्यावे लागत नसे. १९९१ साली आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहामार्फत थेट दिसल्या, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही. या वाहिन्या घ्यायला त्या वेळी मोठी छत्री लागे. ती प्रत्येक घराला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून गल्लीतला एखादा उद्योगी तरुण कर्ज काढून छत्री बसवी आणि गच्च्यांवरून, झाडांवरून, खांबांवरून तारा ओढून घरोघरी चित्र पोचवी. आमच्या गल्लीत ज्यांनी हे केले, ते केबलवाले भाऊ आज पन्नाशी ओलांडलेले आहेत. सरकारने या धंद्यासाठी कायदा केला तो १९९५ साली, म्हणजे धंदा आधी आणि कायदा मागाहून.

छत्री लहान होऊन घराच्या गच्चीवर आली ती पुढे. खासगी डीटीएच सेवा आपल्या देशात २००३ साली सुरू झाली. दूरदर्शनची मोफत सेवा २००४ च्या डिसेंबरात आली. तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. मग केबललाही डिजिटल व्हावे लागले. सोलापूर, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, आणि आमच्यासारख्या लहान गावांत ही प्रक्रिया मार्च २०१७ पर्यंत चालली. तेव्हापासून केबलच्या घरातही सेट टॉप बॉक्स आला. म्हणजे तारेचे चित्र मुंग्या-मुंग्यांचे आणि छत्रीचे स्वच्छ, हा जुना भेद आता उरलेला नाही. विक्रीला येणारी माणसे अजूनही तो सांगतात, पण त्यावर निर्णय करू नये.

मग फरक कोठे आहे? आपल्या धंद्याच्या भाषेत तो सहज कळतो. वाहिनी चालवणारी कंपनी म्हणजे गिरणी. ती आपला माल उपग्रहावर पाठवते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवून, आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतो. केबलच्या व्यवस्थेत शहरातली मोठी कंपनी भल्यामोठ्या छत्र्यांनी हा माल उतरवून घेते, एकत्र करते, आणि जमिनीखालच्या वा खांबावरच्या फायबरने गावोगावच्या केबलवाल्यांना देते. ती घाऊक व्यापारी. गल्लीतला केबलवाला तो किरकोळीने घरोघरी पोचवतो. डीटीएचमध्ये मात्र कंपनी सर्व वाहिन्या एकत्र करून पुन्हा आपल्या उपग्रहावर चढवते आणि तेथून थेट आपल्या गच्चीवर उतरवते. मधला किरकोळ दुकानदार नाही. म्हणजे आकाशातून येणे दोहोंनाही चुकलेले नाही. फरक आहे तो शेवटच्या टप्प्याचा. तो टप्पा कोणाच्या हाती आहे, आणि तो बिघडला तर कोण धावून येतो, एवढाच.

या शेवटच्या टप्प्याचे दोन शत्रू आहेत. छत्रीचा शत्रू पाऊस, आणि तारेचा शत्रू वीज जाणे.

घरगुती छत्रीपर्यंत येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. जोराच्या पावसाचे थेंब त्या लहरी शोषून घेतात व विखुरतात, म्हणून मुसळधार सरीत चित्र तुटते आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' असे येते. सर ओसरली की ते आपोआप परत येते. केबल कंपनीच्या मोठ्या छत्र्या बहुधा याहून लांब लहरींवर काम करतात, त्यांना पावसाचा त्रास कमी. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि दिवसा काही मिनिटे प्रक्षेपणात अडथळा येतो, तो मात्र दोघांनाही चुकत नाही.

तारेचे निराळे. तारेतून जाताना सिग्नल क्षीण होत जातो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो वाढवणारी यंत्रे, ज्याला केबलवाले अँप्लिफायर म्हणतात, बसवावी लागतात. त्यांना वीज लागते. आपल्या घरात इन्व्हर्टर असला तरी ज्या खांबापाशी हे यंत्र आहे तेथली वीज गेली की आपला संच कोरा. शिवाय रस्ता खोदणारे यंत्र, उसाने भरलेली उंच ट्रॉली, गणपतीच्या मिरवणुकीतली कमान, खार, उंदीर, पावसाने गंजलेला जोड, या सर्वांच्या तावडीतून ती तार आपल्यापर्यंत येत असते.

हे सारे ऐकीव ठेवण्यापेक्षा वहीत उतरवावे, असे मी ठरवले. भाऊजींनी उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर स्वतःच्या खर्चाने एका कंपनीची छत्री बसवून घेतली होती. खाली जुनी केबल चालूच होती. त्यामुळे एकाच घरात दोन्ही माल तोलता आले. जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने मी घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवली. कोणते चित्र केव्हा गेले, केव्हा आले, आणि कशाने आले.

तीन महिन्यांत छत्रीचे चित्र अकरा वेळा गेले. त्यांतला सर्वांत मोठा खंड पंचवीस मिनिटांचा. केबल सहाच वेळा गेली. परंतु त्यांतले चार खंड दोन तासांहून अधिक, आणि एक तर दीड दिवसाचा, कारण वेशीजवळ खोदकामात तार तुटली. वेळा मोजल्या तर केबल बरी ठरत होती, तास मोजले तर छत्री. हिशेब कोणत्या मापाने करायचा हे आधी ठरवले नाही, तर एकाच वहीतून दोन उलट उत्तरे निघतात, हे व्यापारी घरात वेगळे सांगायला नको. त्यातून केबलचे चार मोठे खंड दुपारचे होते, वीज जाण्याच्या वेळेचे. म्हणजे नेमके सासूबाईंच्या वेळेचे.

एवढ्यावर भाऊजींचा निकाल तयार होता. "वहिनी, वहीच सांगते आहे. खालीही छत्री घेऊन टाकू."

पण वहीत तिसराही एक रकाना होता, चित्र कशाने आले याचा. केबल बिघडल्याचा निरोप गेला की केबलवाल्या भाऊंचा मुलगा अर्ध्या-पाऊण तासात सायकलवर येई. पुष्कळदा बिघाड केबलचा नसेच. सासूबाईंच्या हातून रिमोटचे भलतेच बटण दाबले जाई आणि पडदा निळा होऊन बसे. तो येऊन बटण दाबी, "आजी, आता लागलं बघा," म्हणे, त्यांच्या हातचा बत्तासा खाई आणि जाई. याचे पैसे त्याने कधी मागितले नाहीत. याउलट जुलैच्या वादळात छत्री हलली, तेव्हा भाऊजींनी कंपनीच्या दूरध्वनीवर एक दाबा, दोन दाबा करीत तक्रार नोंदवली. माणूस तिसऱ्या दिवशी आला आणि भेटीचे पैसे वेगळे घेऊन गेला. त्याचे काम चोख होते, याविषयी तक्रार नाही. पण दुपारी तीन वाजता एकट्या असलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईला ती यंत्रणा उपयोगाची नव्हती.

आता पैशांचे पाहू. येथे नीट समजून घेतल्यास प्रत्येक घराचे काही रुपये वाचतील. देयकाचे दोन भाग असतात. एक, वाहिन्या पोचवण्याचे शुल्क. दोन, ज्या वाहिन्यांना किंमत आहे त्यांची किंमत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१९ साली पहिल्या भागाला कमाल मर्यादा घातली. १०० साध्या वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पुढे २०२० साली त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्यात, आणि एकाच घरातल्या दुसऱ्या संचासाठी या शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असे ठरले. जुलै २०२४ मध्ये मात्र ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. तेव्हापासून प्रत्येक केबल वा डीटीएच कंपनी आपले शुल्क स्वतः ठरवू शकते. म्हणून शेजारच्या घराचा जुना भाव ऐकून आपण सौदा करू नये. आपल्या पत्त्यावर आज काय पडते ते दोन्हीकडे विचारावे.

दुसऱ्या भागात खरी गळती असते. आमच्या केबलच्या देयकावर दोनशे चाळीस वाहिन्या होत्या. घरातल्या सर्वांना विचारून मी यादी केली, तेव्हा वर्षभरात कोणी ना कोणी खरोखर पाहिलेल्या वाहिन्या सतरा निघाल्या. बाकीच्या गठ्ठ्याबरोबर आलेल्या. गठ्ठा घ्यावा की सुटी वाहिनी, याचे एक उत्तर नाही. काही गठ्ठे सुट्या किमतींच्या बेरजेहून स्वस्त पडतात, काही महाग. कागद घेऊन बेरीज करण्यास दहा मिनिटे लागतात. आमच्या घरी सुट्या वाहिन्या आणि एक लहान मराठी गठ्ठा एवढे घेतल्यावर खालच्या संचाचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने उतरला. एचडी वाहिनी घेताना हेही पाहावे की ती साध्याहून महाग असते; २०१९ च्या नियमांत तर मोजणीत ती दोन वाहिन्यांच्या जागी धरली होती. सासूबाईंच्या खोलीत एचडीचा काहीच उपयोग नव्हता.

डीटीएचचे पैसे आगाऊ भरावे लागतात आणि ते दिवसागणिक वळते होतात. पैसे संपले की सेवा बंद. काही जणांना हे बरे वाटते, कारण उधारी नाही आणि कोणी दारात येत नाही. पण रिचार्ज करणारा माणूस गावाला गेला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा संच मुका होतो. आणखी एक गोष्ट. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. छत्री आणि बॉक्स यांत पैसे घातल्यावर कंपनी बदलणे म्हणजे ते पैसे बुडवणे. हा खर्च बायका वहीत एकदाच लिहितात आणि पुरुष विसरतात. मी तो पाच वर्षांवर वाटून मासिक खर्चात धरला. तसे केल्यावर दोन्हींत महिन्याला फारसा फरक उरला नाही.

पैसा निर्णय करू शकेना, तेव्हा चर्चा माणसांवर आली. यजमान म्हणाले, "केबलवाले आपल्या दुकानाचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांच्या बापापासून खाते आहे."

भाऊजी म्हणाले, "दादा, खाते आहे म्हणून आईनं दुपारभर कोऱ्या पडद्यापुढं बसायचं का? धंद्यात भावना आणू नये असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं. पण उद्या आपलं गिऱ्हाईक मोबाइलवरून ज्वारी-डाळ मागवील, त्या वेळी हेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची तयारी ठेव."

कोणी काही बोलेना. कारण ही गोष्ट उद्याची नव्हती. गेल्या चार वर्षांत आमच्या दुकानाची किरकोळ विक्री घटली आहे, आणि ती कोठे गेली हे सर्वांना ठाऊक आहे. गल्लीतल्या माणसाला सोडून दूरच्या कंपनीकडे जाण्याचे सुख आपण घेतो, तेव्हा तोच वारा आपल्या दुकानाच्या दारातूनही वाहतो.

तरीही भाऊजींच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि मी ते बोलून दाखवले. जुने गिऱ्हाईक आहे म्हणून कीड लागलेली डाळ आपल्याकडून कोणी घेत नाही, आणि घेऊही नये. आपुलकी म्हणजे वाईट माल मुकाट्याने घेत राहणे नव्हे. सोडून जाण्यापूर्वी मालातला दोष तोंडावर सांगणे आणि सुधारण्याची एक संधी देणे, एवढी आपुलकी पुरते. आपले चांगले गिऱ्हाईकही असेच करते. न सांगता निघून जाणारे गिऱ्हाईक दुकानदाराला काहीच शिकवून जात नाही.

म्हणून दसऱ्यानंतर आम्ही केबलवाल्या भाऊंना घरी बोलावले आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तारखा वाचल्या. "काकू, बरोबर आहे. गिरणीजवळच्या खांबावर अँप्लिफायर आहे. तिथली लाइट दुपारी जाते तेव्हा तुमची सगळी गल्ली बंद पडते. पूर्वी जोडण्या नऊशे होत्या, आता चारशेही राहिल्या नाहीत. बॅटरी टाकायची तर परवडत नाही." मग त्यांनी सांगितले की, फायबर वेशीपर्यंत आलेच आहे. ते गल्लीत आणून एक लहान नोड बसवला तर मधली यंत्रे निघून जातील. पण नोड बसवायला पावसापासून आडोसा आणि न जाणारी वीज हवी.

यजमानांनी जिन्याखालची जागा दाखवली. घराचा इन्व्हर्टर तेथेच आहे. असा नोड साधारण पंधरा वॅट वीज खातो; चोवीस तास चालला तरी महिन्याला अकरा युनिटांच्या आसपास. केबलवाल्यांनी या बदल्यात आमची जोडणी फुकट करण्याची तयारी दाखवली. केबलच्या धंद्यात ही रीत जुनी आहे. ज्याच्या घरी यंत्र, त्याला जोडणी मोफत. यजमानांनी ती घेतली नाही. विजेचे पैसे तेवढे दरमहा वळते करावेत, बाकी देयक सर्वांसारखे, असे ठरले. फुकट घेतलेल्या मालाची तक्रार करता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

नोव्हेंबरात नोड बसला. आता गल्लीत वीज गेली तरी आमच्या इन्व्हर्टरवर तो चालतो, आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे अशा शेजारच्या घरांतही चित्र राहते. तार तुटण्याचा धोका गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण दुपारचे मोठे खंड थांबले. वरच्या मजल्यावर भाऊजींची छत्री आहे तशीच आहे. क्रिकेट त्यांना हवे तसे दिसते आणि तिचा खर्च ते स्वतः करतात. गावाबाहेरच्या गोदामावर रखवालदाराच्या कुटुंबासाठी आम्ही डीडी फ्री डिशची छत्री बसवली. तेथपर्यंत तार नेणे शक्य नव्हते, आणि एकदा छत्री व बॉक्स घेतल्यावर तिला मासिक काही द्यावे लागत नाही. ज्या घराला थोड्याच वाहिन्या पुरतात, त्यांनी हा तिसरा मार्ग आधी पाहावा.

माझ्या मुलाचे मत याहून वेगळे होते. तो म्हणे, "आई, दोन्ही काढून टाका. त्याच फायबरवरून इंटरनेट घ्या, पाहिजे ते पाहिजे तेव्हा बघा." तरुण घराला हे सोयीचे आहे, यात शंका नाही. मुट्टीत पर्याय असणे त्यांना आवडते. पण मी सासूबाईंना हे समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय बघायचं ते निवडायचं नाही गं. बटण दाबलं की कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं." त्यांच्या या वाक्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. पण माझ्या मनात तो राहिला. सोबत म्हणून आम्ही त्यांना जे देत होतो, ते एका बटणावर टेकलेले होते. तेव्हापासून जाऊबाई आणि मी पाळी लावली आहे. दुपारी चार वाजता आमच्यापैकी एक जण निवडायच्या डाळीचे ताट घेऊन त्यांच्या खोलीत बसते. पर्युषणात दहा दिवस आमच्या घरी संच झाकलेला असतो. यंदा त्या दहा दिवसांच्या दुपारी त्यांना जड गेल्या नाहीत.

ज्या घरांना हा निर्णय करायचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे थोडे सांगते. शहरात सदनिका असेल तर प्रथम आकाश पाहावे. आपल्या भागातून छत्रीचे तोंड दक्षिणेकडे, पूर्वेला झुकलेले आणि बरेच वर उचललेले असते. त्या दिशेला उंच इमारत असेल, किंवा घराच्या खिडक्या केवळ उत्तरेला असतील आणि गच्चीवर सोसायटीची परवानगी नसेल, तर छत्रीचा विचार तेथेच संपतो. भाड्याच्या घरात राहून वरचेवर घर बदलणाऱ्यांना छत्री बरी, ती बरोबर नेता येते. ज्यांची वस्ती शेतात वा गावाबाहेर आहे, त्यांना छत्रीवाचून मार्ग नाही. जेथे वीज वारंवार जाते, तेथे केबलवाल्याला त्याचे यंत्र कोणत्या लाइनीवर आहे आणि त्याला बॅटरी आहे का, हे आधी विचारावे. जेथे पाऊस फार, त्यांनी छत्रीच्या लहान लहान खंडांची तयारी ठेवावी. पाहिलेल्या वाहिन्यांची यादी करून मगच गठ्ठा घ्यावा. आणि घरात वृद्ध माणूस एकटे राहत असेल, तर बिघाडाच्या वेळी कोण येणार, हा प्रश्न भावाच्याही आधी विचारावा.

नोंदीची पाने मी अजून बंद केलेली नाहीत. गेल्या महिन्यात केबलवाल्यांनी दर वीस रुपयांनी वाढवला आणि तसे दारात येऊन आधी सांगितले. यजमानांनी कारण विचारले, त्यांनी ते दिले, आणि मी नवा आकडा वहीत लिहिला.